मधुभाऊजींची रंगीत फिल्म

फोन मधुभाऊजींच्या शिरीषचा होता. "काकू, बाबा गेले. सकाळी चहा मागितला, आणेपर्यंत गेले." मी शाहपूरला मुलीकडे राहते. अंगणात उडीद पाखडत बसले होते. सूप खाली ठेवलं आणि मुलीला म्हटलं, बुऱ्हाणपूरला जायला रिक्षा बघ. त्यांचं वय झालं होतं, माझंही झालं आहे. या वयात अशी बातमी ऐकून धक्का बसत नाही, नुसता थकवा येतो... पुन्हा एका दाराशी चपला काढायच्या, पुन्हा तेच बोलायचं.

मधुकर माझे धाकटे दीर. मी लग्न होऊन बुऱ्हाणपूरच्या बुधवाऱ्यातल्या घरी आले तेव्हा ते मिलच्या ऑफिसात नुकते लागले होते. राज्यांची नवी वाटणी झाली ती हीच वर्षं. अकोला-नागपूरचे आमचे नातेवाईक दुसऱ्या राज्यात गेले, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. घरात दिवसभर तेवढंच बोलणं. भाऊजींचं त्याकडे लक्ष नव्हतं. मिलमधला एक साहेब नोकरी सोडून जाताना त्याचा सिनेमाचा छोटा कॅमेरा आणि प्रोजेक्टर भाऊजींनी विकत घेतला होता. चावी भरायची आणि चालवायचा. त्यात ती रंगीत फिल्म. पिवळ्या डबीत यायची, महाग असायची, आणि गावात कुणाला धुता यायची नाही. लांब पाठवायची आणि टपालाची वाट बघत बसायचं. म्हणून एक रीळ ते पुरवून पुरवून वापरत. सणाला थोडं, बारशाला थोडं. अर्धं रीळ कॅमेऱ्यात महिनोन्‌महिने पडून असे.

माझी मुलगी झाली त्या वर्षी पावसाळा सरताना आम्ही सगळे शाहपूरला केळीच्या मळ्यात गेलो. तिथे भाऊजींनी माझ्या नवऱ्याची, म्हणजे त्यांच्या दादाची, फिल्म काढली. रीळ संपायला थोडं बाकी होतं. कॅमेरा घरी येऊन कपाटात राहिला.

मग खंडेनवमी आली. आमच्या घरी त्या दिवशी सगळी हत्यारं पुजतात. विळी, अडकित्ता, कुदळ, तराजू, शिवणाचं मशीन, सगळं पाटावर मांडायचं आणि हळदकुंकू लावायचं. सासूबाईंनी भाऊजींचा कॅमेराही मांडला. मी फुलं ठेवत होते. त्यांनी कॅमेरा उलटासुलटा केला आणि म्हणाल्या, "वरच्या टिनाला काय कुंकू लावायचं वो? काम तर आतलं चाक करतं." आणि झाकण उघडून आतल्या चाकाला व्यवस्थित हळदकुंकू लावलं, वर दोन अक्षता टाकल्या. खिडकीतून भर ऊन पाटावर येत होतं.

भाऊजी आंघोळ करून आले, बघितलं आणि कपाळाला हात लावला. पण हसत होते. आईला नमस्कार करून झाकण लावलं आणि मला हळूच म्हणाले, "वहिनी, उजेड लागला, गेली फिल्म. असू द्या. आईनं इतक्या मनानं केलं, तिला नका सांगू. दादाची दिवाळीत दुसरी काढू."

दिवाळीआधीच विषमज्वरानं माझे यजमान गेले. मुलगी पाळण्यात होती.

तेव्हा सगळ्यांना त्या रिळाची आठवण झाली. सासूबाई तर रोज विचारायच्या, रघूचा सिनेमा आला का? शेवटी आला. भाऊजींनी मधल्या खोलीत दारंखिडक्या लावून दाखवला. बहुतेक सगळं पांढरं, कडेनं आगीसारखे नारिंगी पट्टे. मधेच गुंडाळ्याच्या आतला एवढासा तुकडा वाचला होता. त्यात माझे यजमान केळीचं पान डोक्यावर धरून येतात, वळतात, काहीतरी बोलतात, आणि परत पांढरं.

सासूबाई म्हणाल्या, "बाकी कुठं गेला माझा रघू?"

भाऊजी प्रोजेक्टरमागे उभे होते. म्हणाले, "आई, चूक माझी. मळ्यात असतानाच डबा उन्हात उघडला गेला माझ्याकडून."

मी त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवून मला नको म्हटलं.

पुढे सासूबाई पुष्कळ वर्षं जगल्या. दर पितृपक्षात भाऊजींना ऐकवायच्या, "तू जाळलंस रे त्याला उन्हात." ते ऐकून घ्यायचे आणि आईच्या पानात भात वाढायचे. एकदा मी चिडून म्हटलं, आता सांगते मी त्यांना. तर म्हणाले, "मोठा मुलगा गेला तिचा. त्यावर हे कशाला? मला काय होतंय, दोन शब्द तर आहेत." सासूबाई गेल्या, त्यानंतरही म्हणाले, राहू द्या वहिनी, सवय झाली.

ती फिल्म ते माझ्या मुलीला दाखवत. त्यात आवाज नाही. ती विचारायची, बाबा काय म्हणतायत? मी तिथेच उभी होते, मला माहीत आहे. ते म्हणत होते, "बंद कर ना यार, भूक लागली." मुलीला वाटायचं मी खरं सांगत नाही. एकदा ती म्हणाली, काका, इथं थांबवा ना. भाऊजी म्हणाले, "थांबवलं तर बल्बनं जळेल बेटा. चालतंच बघावं लागतं."

पुढे दुसऱ्या फिल्मी आल्या, स्वस्त होत्या. काही वर्षांत त्यातली माणसं गुलाबी पडली, आमची नणंद तर ओळखू येत नाही. त्या जुन्या फिल्ममधलं केळीचं पान अजून हिरवं आहे, यांचा गमछा लाल तो लालच. कंपनीनं ती फिल्म बंद केली हे कळलं तेव्हा भाऊजी दोन घास कमी जेवले. मी म्हटलं, फिल्मचं कुणी सुतक पाळतं का? म्हणाले, "वहिनी, आता तसा लाल नाही यायचा." मला शास्त्र कळत नाही, पण डोळे आहेत. तसा लाल खरंच पुन्हा नाही बघितला.

तेराव्याला जेवणं झाली. मधल्या खोलीत सगळे बसले होते. अकोल्याचा भाचा म्हणाला, "मधूमामा सोन्यासारखा माणूस, पण वेंधळा हां. सख्ख्या भावाची एकच फिल्म, ती बी उन्हात उघडली." लोक हसले. शिरीषही हसला, "बाबांचं ते तर फेमस होतं."

मी म्हटलं, "त्यांनी नाही उघडली. तुझ्या आजीनं उघडली, पूजेला." आणि सगळं सांगितलं, पाटापासून.

भाचा म्हणाला, "जाऊ द्या ना मामी, आजी बिचारी वरती गेली. आता काहून काढता हे?"

"तेही गेले," मी म्हटलं. "आता कुणाचं मन राखायचं? वेंधळे म्हणून त्यांना नाही जाऊ देणार मी."

शिरीष म्हणाला, "मीही त्यांना चिडवायचो, काकू." चिडवायचाच तो.

त्याच खोलीत पश्चिमेच्या भिंतीवर मंडळींनी भाऊजींचा हार घातलेला फोटो लावला होता. त्या भिंतीवर ते सिनेमा दाखवत. साठ वर्षं तिथं त्यांनी कॅलेंडरसुद्धा लावू दिलं नव्हतं. शिरीष उठला, फोटो उतरवून दाराशेजारच्या कोनाड्यात ठेवला आणि खिळा हातानं हलवून हलवून काढला. मग विड्याच्या ताटातला चुना बोटावर घेतला आणि ते भोक बुजवून अंगठ्यानं सारखं केलं. मी निघाले तेव्हा तेवढी जागा अजून ओली होती.