तिजोरी सुस्थितीत असल्याचा दाखला

आमच्या कार्यालयाच्या तळमजल्यावर, जिन्याखाली, कानवाल्यांचं दुकान आहे. तिजोऱ्या आणि कुलपं दुरुस्त करणं हा त्यांचा धंदा. आकडे जुळवून उघडायची एखादी तिजोरी अडली, की ते तिच्या दाराला उजवा कान लावून बसत, चकती हळूहळू फिरवत आणि आतली खाच जागेवर आल्याचं ऐकत. म्हणून लोकांनी त्यांना हे नाव दिलं. चार वर्षांपूर्वी तो कान गेला. नाव तसंच राहिलं.

त्या दिवशी एका कंत्राटदाराने त्यांना घरी बोलावलं होतं. अडलेली तिजोरी त्यांनी चाळीस मिनिटांत उघडली. आत कागदांच्या गठ्ठ्यावर पिस्तूल होतं. कंत्राटदाराकडे दोन पाहुणे बसले होते. त्यांची करमणूक म्हणून त्याने पिस्तूल उचललं, "बघू तरी किती तिखट कान आहे," म्हणाला आणि कानवाल्यांच्या डोक्यालगतच्या उघड्या खिडकीतून बार काढला. पाहुणे हसले. कानवाले मटकन खाली बसले.

पोलिसांच्या कागदावर 'शस्त्र साफ करताना अनवधानाने गोळी सुटली' एवढंच आलं, कारण साक्षीदार म्हणजे तेच दोन पाहुणे. कानवाले दोन आठवडे इस्पितळात होते. कंत्राटदाराने फळांची करंडी पाठवली, ती कानवाल्यांची बायको, आमच्या वहिनी, जशीच्या तशी त्याच्या फाटकाशी ठेवून आल्या. दोन महिन्यांनी कळलं, की त्याच्या शस्त्रपरवान्याचं नूतनीकरणही झालं.

त्यानंतर एका संध्याकाळी कानवाले वर माझ्या टेबलाशी आले. मी हिशेब विभागात आहे, अर्ज-विनंत्यांची भाषा मला येते, एवढीच आमची ओळख.

"हिशेबनीस, पोलिसांना एक कागद लिहायचाय."

पुन्हा तक्रार का, असं मी विचारलं.

"तक्रार केली की ते कानावर हात ठेवतात. आता माहिती मागायची. माहिती मागितली की लेखी उत्तर द्यावंच लागतं म्हणे." मग थांबून म्हणाले, "माझा कान काही परत यायचा नाही. त्याच्या हातातली ती वस्तू मला काढून घ्यायचीय. दुसरं काही नको."

पहिल्या अर्जात आम्ही शस्त्रपरवान्याचे नियम मागितले. बरोबर तिसाव्या दिवशी अकरा पानं आली. शस्त्र कुठे ठेवावं, किती काडतुसं बाळगावीत, नूतनीकरणाला कोणते कागद लागतात. त्यात मान्यताप्राप्त कारागिराचा, तिजोरी सुस्थितीत असल्याचा दाखलाही होता. "असले दाखले मी शेकड्याने दिलेत," असं म्हणून त्यांनी पान उलटलं. दुसऱ्या अर्जात विचारलं, की निष्काळजीपणाने गोळी सुटल्याची पाच वर्षांत प्रकरणं किती आणि परवाने रद्द किती. उत्तर आलं: अकरा, आणि शून्य. तो कागद त्यांनी दुकानात चाव्यांच्या खिळ्याला अडकवून ठेवला. येणाऱ्या-जाणाऱ्याला म्हणत, "वाचा, वाचा. फुकट आहे."

तिसऱ्या अर्जात कंत्राटदाराची फाईलच मागितली. ती खाजगी बाब म्हणून नाकारली गेली. अपील केलं. सुनावणीला अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं, की या फाईलशी तुमचा संबंध काय. कानवाल्यांनी खुर्ची वळवून डावा कान पुढे केला.

"साहेब, या बाजूने बोला. त्या बाजूचं मला ऐकू येत नाही, आणि का येत नाही ते त्या फायलीत आहे."

पहिल्या अर्जापासून एकोणीस महिन्यांनी फाईलची साक्षांकित प्रत हातात पडली. दुकानातच आम्ही ती उघडली. सातव्या पानावर त्यांचा हात थांबला. तिजोरीचा क्रमांक, सुस्थितीत असल्याचा दाखला, खाली तारीख. गोळी सुटल्यानंतरचा नववा दिवस.

दाखल्यांच्या कोऱ्या पुस्तकावर एकदम सह्या करून ते खणात ठेवायची त्यांची सवय होती. ते इस्पितळात असताना वहिनी दुकान बघत होत्या. कुणाचा तरी ड्रायव्हर आला, त्याने तिजोरीचा क्रमांक सांगितला, वहिनींनी नेहमीसारखा दाखला भरून दिला. कुणाची तिजोरी, हे त्यानेही सांगितलं नाही आणि यांनीही विचारलं नाही.

"अक्षर माझंय," वहिनी म्हणाल्या.

"सही माझीय," कानवाले म्हणाले.

मी त्यांना शहाणपणाचा सल्ला दिला. हे पान बाजूला ठेवा. न तपासता दाखला दिल्याचं कबूल केलंत, तर तुमची मान्यता जाईल. हात दाखवून अवलक्षण कशाला?

"एकोणीस महिने मी त्याच्या नाड्या शोधतोय. त्या माझ्याच खणात होत्या," ते म्हणाले. "आता सोडू?"

मी वहिनींकडे पाहिलं. त्यांनी स्टूल पुढे सरकवलं. "लिहा भावजी. ठसठशीत लिहा."

लिहिलं. हा दाखला मी तपासणी न करता दिला. ही तिजोरी मी स्वतः, मालकाच्या आकड्यांशिवाय उघडली आहे. ती सुरक्षित नाही, म्हणून दाखला मागे घेत आहे. आणि सोबत नवा अर्ज: वैध दाखल्याविना परवाना चालू ठेवण्याची जबाबदारी कोणत्या अधिकाऱ्याची, त्याचं नाव व हुद्दा लेखी कळवावा.

उत्तरात नाव लिहायला कुणी तयार होईना. सव्विसाव्या दिवशी निरीक्षकच तिजोरी पाहायला निघाले. तिजोरी उघडून दाखवायला कानवाल्यांना आणि पंच म्हणून मला नेलं.

कंत्राटदार दारातच म्हणाला, "आता कुठल्या कानाने उघडणार?"

कानवाल्यांनी चष्मा काढला, डोळे मिटले आणि चकतीवर दोन बोटं ठेवली. एक तास दहा मिनिटं लागली. खोलीतल्या दोन खुर्च्यांपैकी एकीवर निरीक्षक होते, दुसरीवर कानवाले. कंत्राटदार पूर्ण वेळ उभा होता, आधी हसत, मग घड्याळ बघत, मग भिंतीला टेकून. दार उघडलं. पिस्तूल आणि काडतुसं मोजून पोलिसांच्या शस्त्रकोठीत जमा झाली. पावतीची प्रत कानवाल्यांनी तिथेच मागून घेतली.

जिना उतरताना ते म्हणाले, "पंधराव्या मिनिटालाच समजलं होतं. पण म्हटलं, राहू दे उभा."

पुढच्याच महिन्यात त्यांची मान्यता रद्द झाली. दाखल्यांचं पुस्तक वहिनी स्वतः परत करून आल्या. आता ते फक्त चाव्या कापतात. शस्त्र परत मिळवण्यासाठी कंत्राटदाराचं अपील चालू आहे, म्हणून दर तीन महिन्यांनी पोलिसांना आमचा एक अर्ज जातो: अमुक क्रमांकाचं शस्त्र अद्याप आपल्या ताब्यात आहे काय? दर वेळी एकाच शब्दाचं उत्तर येतं: होय. तेही खिळ्यावर जातं. माझ्या समजुतीप्रमाणे या वयात माणसाने एवढं धरून बसू नये. मी तसं एकदा म्हणालो. त्यांनी उजवा कान माझ्याकडे केला.

पुढच्या मार्चमध्ये मी निवृत्त होतोय. परवा ते वर आले आणि म्हणाले, जाण्याआधी पाच वर्षांची सोय करून जा. मी त्या अर्जाच्या वीस प्रती टाईप करून दिल्या, तारखेची जागा मोकळी ठेवून. म्हटलं, आता सगळ्यांवर सही करून टाका, म्हणजे वहिनीही पाठवू शकतील.

त्यांनी गठ्ठा नीट सारखा केला आणि पेन मला परत दिलं.

"नको," ते म्हणाले. "सही त्या त्या दिवशी करीन."