हुत्तिलीचा रोट

अझ्झियाचा जन्म राजवाड्याच्या भट्टीवर गेला. गेलेल्या राजांसाठी रोट भाजायचे, हे तिचे काम. हत्तुशा या राजधानीत राजा मेला असे कुणी म्हणत नाही; देव झाला, म्हणतात. आणि देव झालेल्याला सणासुदीला रोट लागतोच. हुत्तिलीला मात्र तो कधी मिळाला नाही.

या हुत्तिलीला अझ्झियानेच अंगावर पाजले होते. तो धाकट्या राणीचा. थोरलीचे मुलगे एकामागून एक गेले म्हणून त्याला गादी मिळाली, आणि सुगीच्या आत मेहुण्याने ती काढून घेतली. जिवे मारले नाही; हातातला भाला घेतला, नांगर दिला आणि दूर खेड्यात धाडले. तो तिथेच वारला. त्याच्याबद्दल लोक ‘मेला’ म्हणाले.

तेव्हापासून दर सणाला अझ्झिया एक रोट जास्तीचा थापायची, आणि भट्टीचा मुकादम तार्वा तो परातीतून उचलायचा.

“म्हातारे, नांगऱ्याला कुणी रोट वाढतं का?”

“तुझ्या बापाचं पीठ नाही ते. ठेव खाली!”

“ठेवतो की, माझ्या पोटात!”

पुढे तो मेहुणाही देव झाला. त्याच्या मुलाने गादीवर बसायचे ठरले. बसण्याआधी प्रत्येक पूर्वजाच्या मूर्तीपुढचा रोट नव्या राजाने आपल्या हाताने मोडायचा, अशी रीत. त्या दिवशी अझ्झियाने जास्तीचा रोट पदराखाली नेला आणि रांगेच्या शेवटी, मूर्ती नव्हती तिथे, नुसत्या जमिनीवर ठेवला.

रोट मोडत मोडत राजा तिथवर आला. “हा कुणाचा?”

“माझ्या सूर्या, म्हातारी चळलीय,” तार्वा घाईने म्हणाला. राजाला सूर्य म्हणायची तिथे रीत होती.

“मी हिला विचारलं.”

अझ्झिया पुढे झाली. एका शब्दासरशी मुंडके जायचे. “हुत्तिलीचा, माझ्या सूर्या. तुमच्या वडिलांनी गादीवरून उतरवला, त्याचा.”

“तो नांगऱ्या होऊन मेला.”

“आधी राजा होता की! आज त्याचं पान उचललंत, तर उद्या तुमचं उचलायला लोकांना शिकवावं लागणार नाही.”

राजाने मागे वळून पाहिले. भाऊ होते, बहिणींचे नवरे होते, आणि सगळ्यांची नजर रिकाम्या आसनावर होती.

त्याने मेंढा आणवला. हुत्तिलीला आपल्यात घ्याल का, असा पुजाऱ्याने देवांना कौल लावला, मेंढा कापून त्याचे काळीज न्याहाळले आणि मान डोलावली. “हो म्हणतात.”

तेव्हा राजा जमिनीवर टेकला. त्याने तो रोट मोडला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, “हुत्तिली देव झाला!” सगळा दरबार त्याच्यामागून तेच म्हणाला. अझ्झिया सर्वांत मोठ्याने.

संध्याकाळी मोडलेले रोट भट्टीवर वाटायला आले. जुन्या सवयीने तार्वाचा हात हुत्तिलीच्या रोटाकडे गेला. अझ्झियाने त्याच्या मनगटावर उलथने हाणले.

“देवाचा प्रसाद आहे, मुकादम. आधी हात धुऊन या, मग मागा.”