मामंजींची कोरफड

होटगीला रेल्वेच्या चाळीत होतो, तेव्हा मामंजींच्या पोटदुखीने आम्हा सगळ्यांना जेरीस आणले होते. सोलापूरच्या वैद्यांनी त्यांना रोज सकाळी गुळाबरोबर कोरफडीचा गर घ्यायला सांगितला. मागच्या दारी कोरफड होती, पण पाने करंगळीएवढी. चार पाने सोलावीत तेव्हा कुठे चमचाभर गर निघे. सोलून सोलून माझी बोटे कडू, आणि मामंजी वर विचारणार, "एवढाच का गं?"

मग यांनी मनावर घेतले. हे स्टेशनवर तिकिटे देत. झाडापेडातले यांना काडीचे कळत नव्हते, पण खिडकीशी सल्ला देणारे रोज नवे. एकाने सांगितले म्हणून पाटीभर ताजे शेण घातले आणि दोन्ही वेळा पाणी. आठवड्यात बुडखे लिबलिबीत झाले. मग दुसऱ्याचे ऐकून शेंगदाण्याची पेंड भिजत घातली, तीही माझ्या पाण्याच्या कळशीत! चौथ्या दिवशी शेजारीण नाकाला पदर लावून आली. "तुमच्याकडे काही मेलंय का हो?"

"अहो, आता पुरे करा," मी म्हटले.

"तुला नाही कळायचं त्यातलं," म्हणून हे ड्यूटीवर गेले.

त्याच सकाळी वळसंगकडची धनगरीण तूप घेऊन आली. मागचा चिखल पाहून तिने कपाळाला हात लावला.

"ओल्या शेणानं मुळं कुजत्यात की, बाई! जुनं लेंडीखत मूठ-मूठ घाला, बास. पाणी कमी. आन् ही पिलं काढून येगळी लावा. आईच्या अंगावर धा लेकरं, तिनं फुगावं कुटं?"

दुसऱ्या दिवशी तिने पाटीभर खत आणूनही दिले. मी संतापाच्या भरात सगळी कोरफड उपटली, कुजके कापून टाकले, उरलेली दोन दिवस सावलीत सुकवली आणि मातीत मुरूम मिसळून, मूठ-मूठ खत घालून अंतराअंतरावर लावली. यांना रोपांना हात लावायची बंदी.

थंडी सरता सरता पाने मनगटाएवढी जाड झाली. एका पानात वाटीभर गर. मामंजी खूश.

हे एका रविवारी आपणहून धनगरवाड्यावर जाऊन खताचे पोते घेऊन आले आणि कोपऱ्यात ठेवले. पण "तुझं बरोबर होतं" एवढे काही तोंडून निघाले नाही.