नागराज सरांच्या लॅबचे नियम

प्रॅक्टिकल घेणाऱ्या माणसाला किस्से शोधत फिरावं लागत नाही. अठरा-वीस वर्षांची मुलं, वीज, लेझर आणि पारा एका छपराखाली ठेवले की ते आपोआप साठत जातात. म्हैसूरच्या एका कॉलेजात मी बरीच वर्षं फिजिक्सची प्रॅक्टिकल घेते. घर सरस्वतीपुरमला. घरी मराठीच बोलतो, पण वाक्य मध्येच कानडीत कधी शिरतं ते आमचं आम्हालाही कळत नाही. आमच्या लॅबचे प्रमुख नागराज सर. पहिल्या दिवशी ते मुलांना नियम वाचून दाखवतात आणि शेवटी म्हणतात, "यातला प्रत्येक नियम कुणीतरी रडल्यावर लिहिलाय."

* * *

लॅबमध्ये काही खायचं नाही, हा तसा साधा नियम. हात कशाकशाला लागलेले असतात.

सोसले गावाहून मंजुनाथ नावाचा मुलगा यायचा. सकाळची बस गाठायची म्हणून न खाताच निघायचा. आई डब्यात इडली द्यायची. ऑप्टिक्सची खोली अंधारी, फक्त सोडियमचा पिवळा दिवा. त्या उजेडात लाल रंग काळपट दिसतो, तेव्हा मांडीवरच्या डब्यातली लाल चटणी कुणाला दिसणार नाही, असा त्याचा हिशोब. हिशोब बरोबर होता. वासाचं राहून गेलं.

सर मागे येऊन उभे राहिले. "काय चाललंय?"

"स्पेक्ट्रोमीटर, सर."

"स्पेक्ट्रोमीटरला लसणीचा वास येतोय."

त्याला व्हरांड्यात नेलं, बाकावर बसवलं आणि डबा संपेपर्यंत सर शेजारी बसून राहिले. स्वतःच्या फ्लास्कमधली कॉफीही दिली. मग म्हणाले, "आत खायचं नाही, हा नियम. उपाशी आत यायचं नाही, हाही नियम. आजपासून."

त्या बॅचचं प्रॅक्टिकल तेव्हापासून जरा उशिरा सुरू होतं.

* * *

लेझरच्या खोलीत बांगड्या, घड्याळ, अंगठी चालत नाही. किरण चकचकीत वस्तूवर पडला तर उलटून कुणाच्या डोळ्यात जाईल, सांगता येत नाही. एम.एस्सी.ची रश्मी नुकतीच लग्न होऊन आलेली. हातभर बांगड्या. "मॅडम, सासूबाईंना चालणार नाही," म्हणाली आणि बाहेर बसून राहिली.

पुढच्या गुरुवारी सासूबाईच आल्या. आमच्याच मराठी लोकांतल्या. "बांगड्या काढायला लावता म्हणे?"

मी वाद घातला नाही. त्यांना आत नेलं, डोळ्यांवर चष्मा चढवला आणि लेझरसमोर स्टीलची पट्टी धरली. लाल ठिपका भिंतीवरून छतावर, छतावरून दारावर उडाला. त्या बघत राहिल्या.

"हे डोळ्यात गेलं तर?"

"डोळा जाऊ शकतो."

"हौदा? खरंच?" म्हणाल्या. मग बाहेर जाऊन सुनेपुढे हात केला. "दे गं. मी सांभाळते." त्या बांगड्या पदरात घेऊन प्रॅक्टिकल संपेपर्यंत बाकावर बसून राहिल्या.

दर गुरुवारी हेच. शेवटी मी म्हटलं, "बांगड्या त्या दिवशी घरीच ठेवल्या तर तुमची फेरी वाचेल."

"अय्यो, सून घरातून ओक्या हातांनी बाहेर पडेल का?" त्या म्हणाल्या.

* * *

थर्मामीटर फुटला तर लगेच सांगायचं, पाऱ्याला हात लावायचा नाही. शरत नावाच्या मुलाने दोन्ही उलटं केलं. घाबरून पाऱ्याचे गोळे बोटांनी कागदावर जमवले, कागद कुठेतरी टाकला आणि गुपचूप घरी गेला.

दुसऱ्या दिवशी एक हात खिशात घालून तो सरांसमोर उभा. "सर, एक डाउट होता. सोनं पांढरं का पडतं?"

सरांनी त्याच्या खिशाकडे पाहिलं. "थर्मामीटर कुठल्या टेबलावर फुटला?"

त्याच्या बोटात आजोबांची सोन्याची अंगठी होती. तिच्यावर पारा चढला होता.

त्या दिवशी लॅब बंद ठेवून आम्ही पारा वेचला. सर त्याला एक शब्द बोलले नाहीत. मी कारण विचारलं तेव्हा म्हणाले, "रागावलो तर पुढचा डाउटसुद्धा विचारायला येणार नाही."

* * *

काव्या आणि सहना एकाच गावच्या, हॉस्टेलला एकाच खोलीत, लॅबमध्ये एकाच टेबलावर. कुणाला करंट लागला तर त्या माणसाला हात लावायचा नाही, आधी मेन स्विच बंद करायचा, हा नियम दोघींनाही पाठ होता. सगळ्यांनाच असतो.

एका दुपारी एका वायरचं आवरण आतल्या बाजूने फाटलेलं होतं. आमच्यापैकी कुणाच्याच ते लक्षात आलं नव्हतं. काव्याची मूठ त्यावर आवळली गेली. ओरडायला तिचा आवाजही फुटेना. सगळा वर्ग जागच्या जागी थिजला. सहना तिच्या अगदी शेजारी होती. तिने काव्याकडे एकदा पाहिलं, पाठ फिरवली आणि दाराकडे धावली. मेन स्विच तिथे आहे. पंखे थांबले आणि काव्या खाली कोसळली.

तळहात भाजला होता. हॉस्पिटलमध्ये ठेवून घेतलं, पण जिवावरचं टळलं.

काव्या बरी झाली आणि तिने सहनाशी बोलणं टाकलं. तिला फक्त मैत्रिणीची पाठ आठवत होती. मी हॉस्टेलवर जाऊन समजावलं. सरांनी समजावलं. काव्याची आई सहनाचे हात धरून रडली.

"मला कळतं, मॅडम," काव्या म्हणाली. "परीक्षेत मीच लिहिलंय ते उत्तर. पण ती पळाली."

सहनाने स्वतःची बाजू मांडलीच नाही. खोलीत दोघी होत्या, आणि बोलणं नव्हतं.

सरांनी सगळ्या वायर बदलून घेतल्या. हाताची जखम भरून आल्यावर काव्या पुन्हा प्रॅक्टिकलला आली. जोडणी केली, मी ती तपासली. आता सप्लाय सुरू करायचा. तिचं बोट स्विचपर्यंत जाई आणि मागे येई. मी काही बोलणार, तेवढ्यात सहना आपल्या नव्या टेबलावरून उठली, दाराशी गेली आणि मेन स्विचवर हात ठेवून काव्याकडे तोंड करून उभी राहिली.

"सहना, तुझं प्रॅक्टिकल राहिलंय," मी म्हटलं.

"नंतर करते, मॅडम."

काव्याने मान वर केली. तिच्याकडे पाहिलं.

"अल्ले इरु," ती म्हणाली. तिथेच थांब.

आणि तिने सप्लाय सुरू केला.