चावीच्या गाडीचं बंदर

दांडीच्या किनाऱ्यावर होड्या बांधणारा पुंडलिक शेहेचाळिसाव्या वर्षी समुद्राकडे पाठ फिरवून पामला राहायला गेला. पाम त्याच्या बायकोचं, हंसाचं माहेर. तिच्या वडिलांच्या वाडीत एक रिकामी पडवी होती, तिथे दोघांनी चूल मांडली. त्या पडवीतून समुद्र दिसत नव्हता आणि वारा उलटा असला तर ऐकूही येत नव्हता. त्याला तेवढंच हवं होतं.

बासष्ट सालच्या आश्विनात त्याचा धाकटा भाऊ देवू आणखी दोघांबरोबर मासेमारीला गेला तो परत आला नाही. वादळ नव्हतं, वारासुद्धा बेताचाच होता. तिसऱ्या दिवशी उत्तरेकडे कुठेतरी एक वल्हं आणि फळीचा तुकडा किनाऱ्याला लागला. देवूच्या होडीच्या डाव्या अंगाची एक फळी कुजली होती, ती निघायच्या आदल्या संध्याकाळी पुंडलिकानेच बदलली होती. सांध्यात कापूस ठोकून वर राळ भरली होती. राळ नीट धरायला दोन दिवस लागतात, तोवर होडी पाण्यात घालायची नसते. पण बाकीच्या होड्या भरून येत होत्या आणि देवूला दम निघत नव्हता.

गावाने पुंडलिकाला बोल लावला नाही. त्याला छळत होतं ते वेगळंच. त्या सकाळी तो धक्क्यावर पोचला तेव्हा होडी सुटली होती, तरी हाकेच्या टप्प्यात होती. ‘थांब, राळ ओली हाय,’ असं तो ओरडला होता, की ते नुसतं मनात आलं होतं, हेच त्याला आठवत नव्हतं. कधी स्वतःचा आवाज लख्ख ऐकू यायचा. कधी तीच सकाळ पुन्हा डोळ्यांपुढे यायची आणि तिच्यात पाण्याच्या चुबकचुबक आवाजाशिवाय काहीच नसायचं. खरं काय ते सांगू शकेल असं एकच माणूस होतं. देवूची बायको येसूबाई, धक्क्याच्या पायरीवर उभी होती ती. तिला विचारायची हिंमत त्याला चार वर्षांत झाली नाही. तीही कधी त्याच्या दारात आली नाही.

पामला आल्यावर तो खाटा, कपाटं, दारं-खिडक्या अशी कामं करू लागला. बोईसर-तारापूर रस्त्यावर तेव्हा दिवसभर खडी-सिमेंटचे ट्रक धावत होते, नवी घरं उठत होती, त्यामुळे सुताराला काम कमी नव्हतं. बोईसर स्टेशनजवळ दिनानाथ नावाचे निवृत्त स्टेशनमास्तर राहत. त्यांच्या कपाटाची दारं बसवायला म्हणून पुंडलिक गेला, आणि मास्तरांनी त्याला मागची खोली दाखवली.

खोलीभर लाकडी फळ्यांचं टेबल होतं आणि त्यावर पत्र्याचे रूळ. नोकरीच्या सुरुवातीला एक गोरा साहेब विलायतेला परत जाताना चावीचं इंजिन आणि चार डबे देऊन गेला होता. बाकी सगळं मास्तरांनी वीस वर्षांत स्वतः जमवलं होतं: पुठ्ठ्याचं स्टेशन, सिग्नल, पाण्याची टाकी, काथ्याची झाडं. टेबलाचं एक टोक मात्र मोकळं होतं. तिथे मास्तरांना बंदर हवं होतं. आयुष्यभर आपण समुद्राच्या शेजारून गाड्या पाठवल्या, एकही गाडी समुद्रापर्यंत गेली नाही, असं ते म्हणाले. धक्का, बर्फाचं गोदाम, जकातीची चौकी, बोंबील वाळवायच्या वलांड्या, सगळं करायचं. माणूस अंगठ्याएवढा धरायचा आणि बाकी त्या मापाने.

पुंडलिक नाही म्हणणार होता. पण त्याने इंजिनाला चावी दिलेली पाहिली, गाडी खडखडत त्या मोकळ्या टोकाशी येऊन थांबली, आणि त्याने टेबलाची लांबी वितीने मोजली.

काम त्याला आवडू लागलं. धक्क्याचे दगड त्याने कौलाच्या तुकड्यांचे घासून केले. वलांड्यांसाठी बांबूच्या काड्या तासल्या आणि त्यांवर केळीच्या सोपाचे दोरे ओढले. नवं लाकूड नवं दिसू नये म्हणून चहाच्या पाण्यात शाई मिसळून हात दिला. गंजाला विटेची पूड, पक्ष्यांच्या शिटेला चुना. खांबांना भरतीची खूण काढताना त्याने खालून हिरवा, वर काळा, त्यावर खारटलेला पांढरा असे पट्टे दिले आणि कालवांसाठी ओल्या रंगावर शिंपल्यांचं पीठ भुरभुरवलं. मास्तर भिंग लावून बघत आणि पुन्हा पुन्हा चष्मा पुसत. पाण्यासाठी काच खालून रंगवली आणि वरून रोगणाचे हात दिले.

पण महिन्याभरात त्याला कळून चुकलं की हात आपल्याला विचारून चालत नाहीत. धक्क्याला पाच पायऱ्या करायच्या होत्या, त्यातली तिसरी कोपऱ्यात फुटकी झाली. दांडीची तिसरी पायरी फुटकीच होती. वलांड्यांच्या रांगेत एक रिकामी राहिली, आणि मग त्याला आठवलं की त्या सकाळी देवूची वलांडी रिकामी होती. गोदामाच्या भिंतीला टेकवलेलं वल्हं त्याने केव्हा केलं ते सांगता येईना. भरतीची खूण मास्तर म्हणाले त्यापेक्षा वर गेली होती. मास्तरांनी मागितलं होतं कुठलंही बंदर, आणि टेबलावर दांडी उभी राहिली होती, एका ठरावीक सकाळची.

गाडी टोकाशी येऊन थांबली की सगळं टेबल थरथरायचं आणि धक्क्यावरचा कंदिलाचा खांब थोडा वेळ हलत राहायचा. त्या हलण्याकडे तो टक लावून बघायचा. भर दुपारी, मास्तर शेजारी बसलेले असताना, त्याला कापूस ठोकायच्या हातोडीचा आवाज यायचा. त्याने एकदा मास्तरांना विचारलं, काही ऐकू येतं का. मास्तरांना फक्त मेल गाडी ऐकू येत होती.

मास्तरांनी मग होड्या मागितल्या. होडीशिवाय बंदर कसलं? पुंडलिकाने सावरीच्या लाकडाची एक कोरली आणि घरी नेता नेता मोडून टाकली. दुसरीही तशीच. तिसरी पडवीत पुरी झाली. हंसाने पाहिलं की डाव्या अंगाची एक फळी त्याने काढली, बसवली, पुन्हा काढली, आणि दिवस मावळेपर्यंत तेच करत राहिला. तिने होडी त्याच्या हातातून घेतली आणि चुलीत घातली. तिने त्याला ते काम सोडायला सांगितलं. तो म्हणाला की सोडलं तर ते तसंच अर्धं उभं राहील, आणि ते त्याहून वाईट.

येसूबाई सुकी मासळी घेऊन बोईसरच्या बाजारात बसत असे. मास्तर तिचं नेहमीचं गिऱ्हाईक. तिचं पुंडलिकाशी नातं काय हे त्यांना माहीत नव्हतं. बंदर बरोबर झालंय की नाही हे किनाऱ्यावरच्या माणसालाच कळणार, म्हणून त्यांनी एके दुपारी तिला कौतुकाने घरी बोलावलं. ती टोपली ओट्यावर ठेवून आत आली तेव्हा पुंडलिक वाकून पायऱ्यांना शेवाळ लावत होता.

दोघांनी एकमेकांना पाहिलं. तिने पदर डोक्यावर घेतला. मास्तर हौसेने सांगत होते, हे गोदाम, ही चौकी, आणि मग दोघांची तोंडं पाहून बाजूला झाले.

येसूबाई टेबलाशी गेली. तिने बोट पुढे केलं, स्पर्श न करता.

“पाणी इतकं वर नवतं, दादा,” ती म्हणाली. “दोन पायऱ्या खाली होतं. आन् मी इतं उभी होते.”

तिचं बोट फुटक्या पायरीवर थांबलं होतं.

पुंडलिकाने ब्रश खाली ठेवला. चार वर्षं जे विचारलं नव्हतं ते त्याने विचारलं, आणि विचारताना त्याचा आवाज इतका बारीक झाला की मास्तरांनाही पुढे झुकावं लागलं.

“मी ओरडलो का, येसू?”

“नाय.”

तो पुन्हा ब्रश उचलायला वाकला.

“तुमी ओरडला नाय,” येसूबाई म्हणाली. “तुमी धावत आला आन् हात वर केला. असा.” तिने उजवा हात खांद्याच्या वर उचलला, तळवा समोर. “त्यांना वाटलं, भाव पाठवणी करायला आला. त्यांनीपन हात केला. हसले. मलाबी तसंच वाटलं, मीबी हात हालवला.”

मग ती म्हणाली की रात्री होडी परतली नाही आणि तिसऱ्या दिवशी फळीचा तुकडा आला, तेव्हा तिला तो हात पुन्हा दिसला. त्या हाताचा अर्थ दुसरा होता, हे तिला तेव्हा उमगलं. म्हणून ती पामला आली नाही. तो विचारेल आणि खरं सांगावं लागेल, याची तिला भीती होती.

मास्तरांनी पाणी आणलं. कुणी घेतलं नाही. येसूबाई टोपली उचलून निघाली, आणि दारात थांबून एवढंच म्हणाली की सुतारकाम दांडीतही हाय, येताजाता दिसत जा.

पुंडलिकाने भरतीची खूण खरवडून दोन पायऱ्या खाली घेतली. त्या कामाला आठ दिवस लागले. नंतर त्याने होडी केली, एकाच बैठकीत. तिच्या सांध्यांत सुईच्या टोकाने कापूस भरला, राळ लावली, आणि होडी कोनाड्यात ठेवून तो दोन दिवस तिथे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी येऊन ती धक्क्याला दोराने बांधली. मास्तरांनी धक्क्यावर माणसंही मागितली. ती त्याने केली नाहीत, आणि मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही.

त्या वर्षी नारळी पुनवेच्या आधी तो आणि हंसा दांडीला परतले. त्याने होड्यांचं लाकूड तासायची वाकस पुन्हा हातात घेतली. देवू गेल्यापासून उडालेली झोप परत आली नाही ती नाहीच. पूर्वी कधी स्वतःची हाक, कधी नुसतं पाणी असे दोन आवाज ऐकू यायचे, आता एकही येत नसे, फक्त तो हात दिसायचा, आणि तो आपला आहे हे ओळखू यायचं. हंसाला तो सांगे की हे जास्त कठीण आहे, पण निदान एकच आहे.

येसूबाईचं छप्पर त्याने दोनदा शाकारलं. ती त्याला जेवायला वाढायची, देवूचं नाव दोघंही घेत नसत.

गावातल्या पोरीबाळींना सासरी पाठवताना, मुंबईला निघालेल्या माणसाला निरोप देताना पुंडलिक दोन्ही हात पाठीमागे धरून उभा राहू लागला. लोकांना वाटायचं, माणूस ताठ झाला. आणि कुठल्या होडीची डागडुजी केली की तो ती होडी चालवणाऱ्या तांडेलाच्या घरी जायचा, त्याच्यासमोर बसायचा आणि ‘दोन दिवस पाण्यात घालायची नाय’ असं मोठ्याने सांगायचा, पुन्हा सांगायचा, आणि तांडेलाने तेच शब्द परत म्हणून दाखवल्याशिवाय उठायचा नाही. पुंडलिकाला कमी ऐकू येतं, असं दांडीत म्हणत. त्याचे कान शेवटपर्यंत चांगले होते.