मेणाच्या गोवऱ्या

उत्तरेश्वर म्हणजे आमच्या गावचं उफराट्या डोक्याचं माणूस. पोर ऊसतोड्याचं, पण जीव सगळा उसाच्या कांडीवरच्या पांढऱ्या भुकटीत. "हे मेण हाय बे," म्हणायचा, "रस गाळून उरलेल्या चिखलावानी मळीत कारखाना फुकट घालवतो." लोक हसायचे. हसोत बापडे! त्यानं सहकारी कारखान्याचे चेअरमन मोहनराव यांच्या मागं लागून मळीतून मेण काढायचं छोटं युनिट उभं करवलंच. फळांना चकाकी द्यायला, मलमात घालायला कंपन्या ते मेण मागतात, असं ज्याला त्याला सांगायचा.

मग दुष्काळ पडला. माजलगावचं धरण आटलं, उभा ऊस छावणीतल्या जनावरांच्या पोटात गेला, कारखाना बंद. मोहनराव म्हणाले, "पुण्याच्या कंपनीला मेण दाखव. पसंत पडलं तर युनिट राहील, न्हाईतर भंगारात." मागच्या हंगामाची थोडी मळी तेवढी उरली होती. तिच्यातूनच दाखवायपुरतं मेण काढायचं, म्हणून ती त्यानं घरी आणून अंगणात वाळत घातली आणि कंपनीवाल्यांना गळ घालायला पुण्याला गेला. कशासाठी वाळत घातली, हे मायला सांगितलंच न्हाई. तिला काय कळतंय, असं वाटलं असेल शहाण्याला. तिथंच घात झाला.

माय, छबुबाई, मोठी कामाची बाई. गल्लीतली जनावरं छावणीत, म्हणून शेण न्हाई, म्हणून चुली थंड. लेकानं जळणाची सोय केली, असंच तिनं धरलं. पाणी शिंपून, भुसा कालवून गोवऱ्या थापल्या आणि वाळल्या तशा घरोघर वाटल्या.

तो आला तो हरखूनच. कंपनी मेण बघायला तयार झाली होती. अंगण मात्र झाडून लख्ख.

"माय, मळी कुठं हाय?"

"ही काय, शेवटची गवरी." तिनं ती चुलीत सरकवली. "लई झकास जळती बाबा, राकेल ओतल्यावानी. समदी गल्ली तुला दुवा देती."

तो चुलीपुढं बसला. बोंब ठोकावी असं लई वाटलं, पण ठोकणार कुणाच्या नावानं? "मेण जळतंय ते, माय," एवढंच म्हणाला. तिला काही उमगलं न्हाई. तिनं टम्म फुगलेली भाकर त्याच्या ताटात टाकली. पोटात मेली भूक होतीच. त्यानं ती खाल्ली.

युनिट भंगारात गेलं. उत्तरेश्वर आता कोल्हापूरकडं ऊस तोडतो. कांडीवरची भुकटी हाताला लागली, की प्यांटला पुसून टाकतो.