चित्रवाला आणि पिवळा दगड

तिच्या नवऱ्याला सगळी गल्ली चित्रवाला म्हणायची. जास्परचे रंगीत दगड कापणारे तिथे बरेच होते, पण दगडातलं चित्र कुठे कापलं म्हणजे उठून दिसेल, हे त्याच्याइतकं कुणाला उमगत नसे. लग्न होऊन आली तेव्हा तिला सगळे दगड सारखेच. त्यानेच हातात देऊन देऊन शिकवलं. डोंगराकडचा लाल जास्पर लोखंडाच्या अंशाने लाल होतो, घट्ट असतो, आरशासारखी झिलई घेतो. नदीपात्रातला हिरवा देखणा खरा, पण मधूनच मऊ. घासला की खड्डे पडतात. समुद्राकाठच्या दगडात गोल गोल डोळे. आणि वाळवंटाकडून येणारा पिवळट, ज्यात टेकड्या, वाटा, आभाळ उमटलेलं असतं, तो त्याचा लाडका.

"याच्याशीच संसार करायचा होतात तुम्ही," ती म्हणायची.

"केलाय की. तू दुसरी."

हा लाडका भारी नाजूक होता. अंगात मातीचा अंश, पाणी प्यायला की गडद व्हायचा आणि चित्राच्या रेषा दिसेनाशा व्हायच्या. म्हणून बाकीचे दगड पाण्याखाली घासणारा चित्रवाला याला तेवढा कोरड्या चाकावर धरायचा. घराला लागूनच कारखाना. संध्याकाळी धुळीने भुवया-मिशा पांढऱ्या करून तो आत यायचा. "म्हातारा आला रे," असं धाकट्या भावाला सांगायचा. सगळे हसायचे, तीही हसायची. तोंडाला फडकं बांधा म्हणून ती मागे लागायची. तो बांधायचा आणि घाम आला की गळ्यात सरकवायचा.

खोकला काढ्यांनी थांबेना तेव्हा छातीचा फोटो काढला. डॉक्टरीणबाईंनी तो उजेडावर धरला.

"दगडाची धूळ फुप्फुसात बसलीय."

"काढता येत नाही?" तिने विचारलं.

"नाही. दम कमी लागावा म्हणून औषध देते. पण झालंय ते मागे फिरत नाही."

"घ्या, माझ्या छातीतही चित्र निघालं," तो म्हणाला. या वेळी ती हसली नाही.

आधी जिना सुटला, मग बोलणं तुटक झालं. आडवं होता येईना म्हणून तो उशांना टेकून बसायचा आणि ती पाठीवरून हात फिरवत राहायची. हात थांबला की त्याला बरं वाटत नसे, आणि फिरवला तरी दम काही कमी होत नसे.

एकदा ती कारखान्यात डोकावली, तर दीर तोच पिवळा दगड कोरड्या चाकावर धरून बसलेला. तिने सरळ नळ सोडला.

"वहिनी, अहो, दगड वाया जाईल!"

"भावजी, तुमच्या दादांना रोज बघताय ना?"

"बघतोय." त्याने मान वर केली नाही. "पाण्यात मला रेषा दिसत नाहीत. गिऱ्हाईक हाच दगड मागतं. दुसरं मला येतं काय?"

त्याने नळ बंद केला.

मग तिने नवऱ्यालाच सांगायला लावलं. त्याने धाकट्याला जवळ बसवून सुरुवात केली, पण अर्ध्या वाक्यातच दम लागला. भावाने घाईघाईने पाण्याचा पेला त्याच्या तोंडाला लावला आणि विषय तिथेच राहिला.

"ऐकेल तो," नंतर नवरा म्हणाला. दोघांचाही त्यावर विश्वास नव्हता.

थंडीच्या सुरुवातीला एका सकाळी ती त्याच्या पाठीमागे बसली होती. एक श्वास झाला. पुढच्या श्वासाची ती वाट पाहत राहिली, बराच वेळ.

आता दुपारी भिंतीपलीकडून चाकाचा आवाज येतो. चाकावर पाणी असलं की भरदार, नसलं की कर्कश. भांडी घासता घासता तिला ते कळतं. काल कर्कश ऐकून ती ओल्या हातानेच उठली, कारखान्याच्या दारापर्यंत गेली, दिराची वाकलेली पाठ बघितली आणि परत आली.